हा जांग: उत्तर व्हिएतनामच्या डोंगरगावांतले पाच दिवस

डोंगरवाट

गेल्या ऑक्टोबरच्या शेवटी मी आणि माझी धाकटी बहीण उत्तर व्हिएतनाममधल्या हा जांगच्या डोंगरांत पाच दिवस फिरून आलो. तेव्हापासून तिघा-चौघांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं, म्हणून सगळं एकाच धाग्यात लिहिते.

हा जांग हनोईच्या उत्तरेला साधारण ३०० किलोमीटरवर आहे. रात्रीची स्लीपर बस सहा-सात तासांत पोचवते. तिथून वर चीनच्या सीमेपर्यंत चुनखडकाचं पठार पसरलंय, दोंग वान पठार. २०१० पासून ते जागतिक भू-उद्यानांच्या जाळ्यात आहे. एक लक्षात ठेवा, १ जुलै २०२५ पासून हा जांग प्रांत शेजारच्या तुयेन क्वांगमध्ये विलीन झालाय. त्यामुळे नव्या नकाशावर प्रांताचं नाव सापडलं नाही तर गोंधळू नका, शहराला आणि रस्त्याला लोक अजून हा जांगच म्हणतात.

आम्ही दोघी दोन मोटरसायकलींवर मागे बसून फिरलो. पुढे दोन स्थानिक चालक. त्यातली एक चोवीस वर्षांची, ह्मोंग जमातीची मुलगी, तीच आमची गाइड. तिचं गाव मेओ वाकच्या बाजूला. ही सहल मनात राहिली ती तिच्यामुळे, हे आधीच सांगते. दऱ्या-खिंडी कुणीही दाखवील. पण रस्त्याकडेचं एखादं शेत, एखादी भिंत, बाजारातल्या बाईच्या डोक्यावरचा रुमाल बघून ती जे सांगायची, ते बाहेरून आलेल्या गाइडला सांगता आलं नसतं. म्हणून तुम्ही जाल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा: गाइड कुठल्या गावचा?

आमची वाट अशी: शुक्रवारी हा जांगहून क्वान बा, मुक्काम नाम दाम. शनिवारी येन मिन्ह, सा फिन, लुंग कू, मुक्काम लो लो चाय. रविवारी दोंग वानचा आठवडी बाजार, मा पी लेंग खिंड, मुक्काम मेओ वाक. सोमवारी झू झा. मंगळवारी परत. रविवार दोंग वानला येईल असाच दिवस धरा, बाकीचं मागेपुढे झालं तरी चालेल.

क्वान बाच्या पुढे लुंग ताम नावाचं गाव लागतं. तिथे ह्मोंग बायकांची विणकर सहकारी संस्था आहे. अंबाडीसारख्या सालीच्या एका झाडापासून त्या कापड करतात. झाड म्हणजे भांग, पण इथे ती धाग्यासाठीच पेरतात. खोड वाळवायचं, साल हाताने सोलायची, उखळात कांडून मऊ करायची आणि एकेक पट्टी दुसरीच्या टोकाला पीळ देऊन जोडत जायचं. गाठ मारायची नाही. गाठ मारली की कापडात ती फुगते. बायका रस्त्याने चालताना, बाजाराला जाताना, गप्पा मारताना हे करत असतात, बोटं थांबतच नाहीत. मग सूत राखेच्या पाण्यात पुन्हा पुन्हा उकळून पांढरं करतात.

विणून झालेलं कापड खरखरीत असतं. ते एका गोल ओंडक्यावर पसरतात, वर सपाट दगड ठेवतात आणि एक बाई त्या दगडावर चढून दोन्ही टोकांना पाय देऊन डावी-उजवीकडे झुलते. मी बघितली ती बाई साठीच्या पुढची असेल. हाताला धरायला काही नाही, नजर समोर आणि पायाखाली दगड पाळण्यासारखा हलतोय. कापड मऊ आणि चकचकीत होईपर्यंत ती झुलत राहिली. मग मधमाशीच्या मेणाने नक्षी काढायची आणि निळीत बुडवायचं. मेण लागलेली जागा पांढरी राहते.

गाइड म्हणाली, आमच्यात माणूस गेला की त्याला या कापडाचेच कपडे घालतात, नाहीतर पलीकडचे पूर्वज त्याला ओळखत नाहीत. तिच्या आजीने आपले कपडे कधीच विणून पेटीत ठेवलेत. हे तिने इतकं सहज सांगितलं की आम्ही दोघीही थोडा वेळ गप्प झालो. आमच्या आजीने काशीहून आणलेलं गंगाजल असंच कपाटात जपून ठेवलं होतं.

येन मिन्ह सोडलं की माती दिसेनाशी होते. डोंगरभर करडे, धारदार खडक उभे आणि त्यांच्या फटीफटीत मका. आम्ही गेलो तेव्हा कापणी होऊन गेली होती, नुसती वाळकी धाटं उभी होती. एका ठिकाणी गाडी थांबवून गाइडने मला खडकाचा एक खळगा दाखवला, घमेल्याएवढा. त्यात तीन धाटं. ती म्हणाली, ही माती इथली नाही. खालून पाठीवरच्या करंडीत भरून आणायची, खळग्यात टाकायची आणि पावसाने वाहून जाऊ नये म्हणून कडेला दगड लावायचे. पुढच्या वर्षी गेलीच असेल वाहून, तर परत आणायची. असे किती खळगे एका घराचे, विचारलं तर ती हसली. मोजत नाही कुणी.

त्या मक्याचं जेवण म्हणजे मेन मेन. जात्यावर भरडून दोनदा वाफवतात. आपल्या कण्यांची आठवण येते. कोरडं लागतं, सोबत पालेभाजीचं पाणी घेऊन खायचं.

सा फिनला ह्मोंग सरदार वुओंग चिन्ह दुक याचा वाडा आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. अफूच्या व्यापारावर उभा राहिलेला, खांबांच्या दगडी बैठकांवर अफूच्या बोंडांचा आकार कोरलाय. याच सरदाराचा मुलगा पुढे स्वतंत्र व्हिएतनामच्या राष्ट्रीय सभेत गेला. लुंग कूला ध्वजस्तंभ, त्यावरचा झेंडा ५४ चौरस मीटरचा, देशातल्या ५४ जमातींसाठी. तिथे गर्दी होती, फार रेंगाळलो नाही. खाली लो लो चाय गावात मात्र पाय निघेना. चोपून बांधलेल्या जाड मातीच्या भिंती, नळीची कौलं, चुना-माती न लावता रचलेले दगडी गडगे आणि माडीवर टांगलेली मक्याची कणसं.

मा पी लेंगबद्दल फोटोच बोलतील, पण एक सांगायलाच हवं. हा जांगपासून मेओ वाकपर्यंतचा रस्ता १९५९ ते १९६५ या काळात तरुण स्वयंसेवकांनी हातोडा-छिन्नी-पहारीने खोदला. सुमारे १८५ किलोमीटर, सोळा जमातींची मुलं-मुली. मा पी लेंगच्या कड्यावर ती अकरा महिने कमरेला दोर बांधून लोंबकळत सुरुंगाची भोकं पाडत होती. रस्त्याला नाव दिलं ‘सुखाचा रस्ता’. खिंडीत त्यांचं स्मारक आहे. खाली न्यो क्वे नदी इतकी खोल की हिरव्या दोऱ्यासारखी दिसते. तिथे पाच मिनिटं तरी गाडी बंद करून उभं राहा.

खर्च: आम्हाला माणशी साधारण ८० लाख डोंग लागले, म्हणजे सत्तावीस हजार रुपयांच्या आसपास. गाडी, चालक, राहणं, जेवण सगळं धरून. ई-व्हिसा वेगळा, एकदा प्रवेशाचा २५ डॉलर.

प्रश्न असतील तर विचारा.

---

पिंपळपान

फार सुंदर लिहिलंय. ते दगडावर झुलणारं दृश्य डोळ्यासमोर आलं. फोटो टाका ना. आणि आमच्या घरी सगळे शाकाहारी आहेत, अंडंही नाही. जमेल का?

डोंगरवाट

फोटो रविवारी चढवते. शाकाहार जमेल, पण आधी सांगून ठेवावं लागतं. ‘तोय आन चाय’ म्हणजे मी शाकाहारी आहे. शहरात लगेच कळतं, कारण बौद्ध लोक चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी ‘चाय’ पाळतात. डोंगरातल्या ह्मोंग घरांत मात्र नुसतं तेवढं पुरत नाही. भाजी दिसायला मोहरीच्या पाल्याची, पण परतलेली असते डुकराच्या चरबीत, आणि वरून नुओक माम म्हणजे माशाचा सॉस. म्हणून गाइडला बजावा की तेल वेगळं, कढई धुऊन, नुओक माम नको. आमच्या गाइडने प्रत्येक मुक्कामाला आदल्या दिवशी फोन केला. बहीण शाकाहारी आहे, तिला रोज भात, टोफू, भोपळ्याचे कोंब, उकडलेली भाजी आणि शेंगदाणे मिळाले. सोबत मेतकूट आणि लसणाची चटणी न्या. नाम दामच्या काकूंना शेंगदाण्याची चटणी इतकी आवडली की आम्ही पुडी तिथेच ठेवून आलो.

बाजारात कुट्टूच्या पिठाचे जाड गोल केक मिळतात, जांभळट रंगाचे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये डोंगरभर गुलाबी फुलं दिसतात ती याच कुट्टूची.

कडेलोट_नको

मी दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. मांसाहारी असाल तर दोंग वानला सकाळी बान्ह कुओन खा, तांदळाच्या पिठाची वाफवलेली पातळ घडी, तिथे ती हाडांच्या गरम रश्शात बुडवून खातात. आणि हा जांग शहरात संध्याकाळी मिळणारी ‘आउ ताउ’ची पेज. बचनागाच्या जातीचा कंद तांदळाच्या पाण्यात भिजवून तासन् तास शिजवतात, विष उतरेपर्यंत. कडवट लागते पण थंडीत अंगात ऊब येते. फक्त नेहमीच्या गर्दीच्या ठिकाणीच खा, घरी करून बघायचा पदार्थ नव्हे.

माझा एक प्रश्न. मी स्वतः बाइक चालवली होती, आणि मजा त्यातच आहे असं माझं मत. मागे बसून काय दिसणार?

डोंगरवाट

मला तर मागे बसूनच जास्त दिसलं, कारण नजर रस्त्यावर खिळवून ठेवावी लागली नाही. पण खरा मुद्दा परवान्याचा. आपल्याकडे मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या करारानुसार असतो, व्हिएतनाम १९६८ चा मानतो. त्या रस्त्यावर पोलीस थांबवून कागद बघतात. दंडाचं एक वेळ सोडा, अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळत नाहीत.

आणि अपघात होतो. मेओ वाकहून झू झाला जाताना रात्रीच्या पावसाने एका वळणावर लाल चिखल आला होता. बहिणीच्या चालकाने वेग अगदी कमी केला होता, तरी मागचं चाक सरकलं आणि दोघं आडवे झाले. तिचा गुडघा सोलवटला, त्याचं कोपर. माझ्या पोटात गोळा आला. गाइडने माझ्या आधी उतरून जखम धुतली, पट्टी बांधली, आणि मग ती आणि बहीण त्या उतारावरून पायी खाली गेल्या. वीस-वीस वर्षं त्याच रस्त्यावर गाडी हाकणारा माणूस घसरतो, तर आपण भाड्याच्या गाडीवर पहिल्यांदाच तिथे जाऊन काय करणार? रागावू नका, पण कुणालाही मी स्वतः चालवा असं सांगणार नाही.

कडेलोट_नको

परवान्याचं मला खरंच माहीत नव्हतं. मी तेव्हा नशिबाने सुटलो म्हणायचं. मुद्दा मान्य.

निळी_वही

मी सा पाला गेले होते, लाओ काय प्रांतात. तिथेही ह्मोंग आणि लाल झाओ जमातींच्या बायका गाइड म्हणून येतात, मुओंग होआच्या खोऱ्यात भातखाचरांच्या बांधांवरून पायी फिरवतात. ता वान गावात झ्याय जमातीच्या एका कुटुंबात राहिलो. पण सा पा गाव स्वतः आता हॉटेलांनी भरलंय, फान्सिपान शिखरावर २०१६ पासून रोपवे आहे. हा जांग त्या मानाने शांत आहे का?

डोंगरवाट

गावागावांत शांत आहे, पण मुख्य मुक्कामाच्या ठिकाणी नाही. झू झाला आमच्या शेजारच्या घरात पंचवीस-तीस गाड्यांचा तांडा उतरला होता. मध्यरात्रीपर्यंत कराओके आणि मक्याची दारू. माझ्या मैत्रिणीला हनोईतल्या एका एजन्सीने ‘छोटा गट’ सांगून अशाच तांड्यात घातलं होतं, ती पाच दिवसांत एकाही गावकऱ्याशी बोलली नाही. पैसे भरण्याआधी लेखी विचारा: गटात किती माणसं, मुक्काम कुठल्या गावात, घर कुणाचं.

सा पाचं माझं काही वाकडं नाही. पायी फिरायचं असेल तर तीच बाजू बरी.

सात_बारा

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. परदेशी कधी गेलो नाही, पण धागा शेवटपर्यंत वाचला. त्या खळग्यातल्या मातीचं वाचून वडील आठवले. आमच्या माळावर त्यांनी तळ्यातला गाळ बैलगाडीने आणून टाकला होता.

एक विचारायचं होतं. कुठेतरी फोटो बघितले, लहान मुली पाठीवर फुलांच्या करंड्या घेऊन रस्त्यावर उभ्या, पर्यटक त्यांच्याबरोबर फोटो काढून पैसे देतात. तुम्हाला दिसल्या का?

डोंगरवाट

दिसल्या. थाम मा घाटाच्या माथ्यावर. शनिवार होता. पाच-सहा वर्षांच्या मुली, पाठीवर त्यांच्याहून मोठ्या करंड्या, गालांवर थंडीने भेगा. माझा हात पर्सकडे गेला होता. गाइडने हळूच सांगितलं, ताई, नको. तिची चुलत बहीण अशीच उभी राहायची. दिवसाला आईच्या मजुरीइतके पैसे मिळायला लागले, मग सोमवारीही उभी राहायला लागली, मग शाळा सुटली. मी दिले नाहीत. पण तिथून निघाल्यावर बराच वेळ मन लागेना.

पिंपळपान

मला हे पटत नाही. दहा-वीस हजार डोंग म्हणजे आपले पस्तीस-सत्तर रुपये. त्या मुलीच्या घरी त्याचा त्या दिवशी भात शिजतो. आपण तत्त्व पाळून निघून येतो, थंडीत ती उभीच राहते.

सात_बारा

पिंपळपान, तुमची कळकळ समजते. पण मी दरवर्षी हे बघतो. दिवाळीनंतर ऊसतोडीला आईबाप निघाले की माझा वर्ग अर्धा रिकामा होतो. जी मुलं जातात ती तिकडे काहीतरी कमावतात, लहान भावंडं सांभाळतात, घराला हातभार लागतो. परत येतात तेव्हा अक्षर विसरलेली असतात. एखाद-दोन वर्षांनी येतच नाहीत. मुलाच्या हातात पैसा आला की घरच्यांना त्याला परत वर्गात बसवणं जड जातं, यात त्यांचा दोष नाही. मुलीला दिलेल्या पैशाऐवजी तिच्या आईकडून काही विकत घेता येत असेल तर ते करा. एवढंच म्हणतो.

डोंगरवाट

सात_बारा, धन्यवाद, मला इतकं नीट सांगता आलं नसतं. पिंपळपान, तुमचंही चूक म्हणवत नाही. आम्ही दुसऱ्या दिवशी दोंग वानच्या बाजारात त्याचा विचार करूनच खरेदी केली. पहाटे सहाला पोचलो तेव्हा धुकं होतं आणि बायका डोंगर उतरून येत होत्या, पाठीवर करंडीत कोंबड्या, मध, आलं, एका करंडीत डुकराचं पिल्लू. दुकानातली चकचकीत वस्त्रं बहुतेक कारखान्यात छापलेली असतात. खरं भांगेचं कापड हाताला जाड लागतं, उलट बाजूनेही नक्षी उमटलेली असते आणि निळीचा वास येतो. एका म्हातारीकडून एक ओढणीएवढा तुकडा घेतला. घासाघीस केली नाही. पैसे देऊन ‘उआ चाओ’ म्हटलं, ह्मोंगमध्ये धन्यवाद. तिने माझा हात धरून निळीने निळे झालेले आपले तळवे दाखवले आणि हसली.

मुक्काम_पोस्ट

मी जर्मनीत राहते, पुढच्या वर्षी सत्तरीच्या आईबाबांना पुण्याहून तिकडे बोलावून एकत्र जायचा विचार आहे. बाइकवर तर शक्य नाही. कधी आणि कसं जावं?

डोंगरवाट

गाडी आणि चालक मिळतो, सोबत गाइड वेगळा घ्या. रोजचा प्रवास तीन-चार तासांपेक्षा जास्त ठेवू नका, सगळी वळणंच आहेत, उलटीच्या गोळ्या हव्यातच. बहुतेक घरांत जमिनीवर किंवा माडीवर गादी असते आणि माडीचा जिना शिडीसारखा उभा. खालच्या मजल्यावर खोली आणि आत संडास आहे का, ते आधी विचारा. संध्याकाळी झाओ लोकांकडे रानातल्या पाल्याच्या काढ्याने लाकडी टबात आंघोळ मिळते, आईबाबांचे गुडघे दुवा देतील.

जून ते सप्टेंबर टाळा, दरडी कोसळतात. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये यागी वादळ आलं तेव्हा लाओ कायमधलं लांग नू हे गाव दरडीखाली गेलं. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम, मार्च-एप्रिलही चांगला. डिसेंबर-जानेवारीत थंडी हाडात शिरते, आणि घरांत चुलीशिवाय ऊब नाही.

मुक्काम_पोस्ट

खूप आभार. आणि पाच दिवस जमलेच नाहीत, एकच गाव निवडायचं झालं तर?

डोंगरवाट

नाम दाम. दोन रात्री. क्वान बाच्या जवळ आहे, म्हणजे घाटाचा अवघड भाग येण्याआधीच पोचता. झाओ लोकांचं गाव, मातीच्या जाड भिंतींची घरं, घरातलेच लोक पाहुण्यांचं बघतात. मधल्या दिवशी गाडी कुठेही काढू नका. आईबाबांना अंगणात बसू द्या. आम्ही होतो त्या घरी सकाळी आजी ओसरीवर भरतकाम घेऊन बसायची, आमची भाषा तिला येत नव्हती आणि तिची आम्हाला, तरी बहिणीला तिने तासाभरात फुलीचा टाका शिकवला. चुकला की उसवायची, परत हातात द्यायची. तो अर्धवट रुमाल बहिणीने घरी आणलाय, अजून पुरा व्हायचाय.

फोटो चढवले की इथे कळवते.